घरात माणसाला ताप आला की कुत्र्या-मांजराचं काय करायचं: कामांचा नेमका क्रम

पावसाची झड लागली की नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीत घरटी एक जण तरी तापानं पडतो, आणि चार दिवसांनी माझे फोन सुरू होतात. फोन जवळजवळ सारखेच. "ताई, घरात सगळे आजारी होतो, आता मांजर शिंकून राहिलं. पॅरासिटामॉल अर्धी देऊ की पाव?"

पावही नाही. चाटायलाही नाही. पण गोळीचा प्रश्न शेवटी येतो, खरी गडबड त्याआधीच झालेली असते. ताप आला त्या रात्री मांजर मालकाच्या पांघरुणात झोपलेलं असतं. दुसऱ्या दिवशी घरभर फिनाईल फिरतं. तिसऱ्या दिवशी कापूर जळतो, बाम लागतो. वेगळं ठेवायला हवं होतं हे आठवतं ते मांजर शिंकल्यावर. बरीचशी कामं केलेली असतात, पण उलट्या क्रमानं, आणि त्यातली निम्मी करायचीच नव्हती.

मी पशुवैद्य नाही. पंधराएक वर्षं घरातली आणि गल्लीतली जनावरं सांभाळते आहे, त्यात बरंचसं चुकत शिकले. खाली लिहिलंय ते फक्त घरच्या माणसानं करायचं काम आहे. तपासणी आणि औषध डॉक्टरांचंच.

## टप्पा १: ताप यायच्या आधी भरायची पिशवी

ही पिशवी आजच भरा. अंगात १०२ ताप असताना मांजराचं लसीचं कार्ड सापडत नाही.

पिशवीत एक वेगळा डिजिटल थर्मामीटर हवा, त्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा, म्हणजे तो चुकून माणसाच्या तोंडात जाणार नाही. हातमोजे, तीन पदरी मास्क, दहा दिवस पुरेल इतकं खाणं, मांजर असेल तर दहा दिवसांची लिटर (त्याच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू), धुतलेलं एक अंथरूण, एक जास्तीचा पट्टा, लसीच्या कार्डाची झेरॉक्स. डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये असतोच, तो कागदावरही लिहा, कारण तुम्ही झोपलेले असाल आणि फोन दुसराच कुणी करत असेल. आपल्याकडे सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, त्याच्या वेळा आधीच विचारून लिहून ठेवा.

मग जनावर ठणठणीत असताना तीन आकडे लिहायचे.

पहिला, वजन. त्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, दोन्हींतली वजाबाकी करा.

दुसरा, गाढ झोपेतला श्वास. छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. निरोगी कुत्र्याचा किंवा मांजराचा आकडा मिनिटाला ३० च्या आत असतो.

तिसरा, तापमान. इथे सगळे फसतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, मांजराचंही जवळपास तेवढंच. म्हणजे १०१ ला तुम्ही रजा टाकून झोपता आणि तो १०१.५ ला चेंडू घेऊन दारात उभा असतो. नाक कोरडं म्हणजे ताप, ही समजूतही सोडून द्या. मे महिन्यात नागपुरात कुणाचं नाक ओलं असतं? तापमान गुदद्वारातूनच घ्यायचं असतं. जमत नसेल तर डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या. मांजर फारच चिडकं असेल तर हा आकडा सोडा, श्वासाचा आकडा पुष्कळ सांगून जातो.

शेवटचं काम म्हणजे "मी पडलो तर याला कोण बघेल" हे एका माणसाला विचारून ठेवणं. आत्ता विचारलं तर शेजारच्या काकू हो म्हणतात. घरात खोकल्याचे आवाज सुरू झाल्यावर त्याच काकू दार उघडताना विचार करतात.

तपासा: लसीच्या कार्डावर 'कोरोना' असं लिहिलेलं असेल तर निश्चिंत होऊ नका. ती लस कुत्र्यांच्या आतड्यात होणाऱ्या वेगळ्याच कोरोना विषाणूची आहे, कोविडशी तिचा संबंध नाही. त्याच्या नेहमीच्या लसींमुळे माणसाचा फ्लूही अडत नाही. त्याला फ्लूपासून वाचवायचं असेल तर फ्लूची लस तुम्ही घ्यायची.

## टप्पा २: तुमचा आजार कोणता, ते आधी ठरवा

सगळेच ताप जनावरापर्यंत जात नाहीत. उगाच दहा दिवस दार बंद करून बसण्यात अर्थ नाही.

फ्लू जातो. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका १३ वर्षांच्या घरमांजराला एच१एन१ झाला. घरातली माणसं त्याच्या आधी आजारी पडली होती. मांजर बरं झालं. फ्लू फेरेटलाही (मुंगसासारखा दिसणारा एक पाळीव प्राणी) सहज होतो, कुत्र्याला कमी.

कोविड जातो. मांजर आणि हॅमस्टर यांना तो सहज होतो, कुत्र्याला क्वचित, आणि बहुतेकदा लक्षणंही दिसत नाहीत. हाँगकाँगमध्ये २०२० च्या सुरुवातीलाच एका म्हाताऱ्या पॉमेरेनियनच्या तपासणीत विषाणू सापडला होता. २०२१ च्या मे महिन्यात हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातले ८ सिंह बाधित निघाले. म्हणजे मांजराच्या कुळातल्या मोठ्या प्राण्यांनाही हा विषाणू होतो.

ओठावरच्या पुळ्या. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाणी भरलेल्या पुळ्या उठतात, तो हर्पिस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू. कुत्र्या-मांजरासाठी ही काळजीची गोष्ट नाही. पण घरात ससा असेल तर थांबा. सशाच्या मेंदूला या विषाणूनं सूज आल्याच्या आणि तो दगावल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे ससा मुलांसाठी घेतात, आणि मुलं त्याचे दिवसातून वीस वेळा मुके घेतात. खपली पूर्ण गळून पडेपर्यंत मुका नाही, ओठाला लावलेलं बोट सशाला नाही.

उलट्या-जुलाब. याच्या मागे पुष्कळदा नोरोव्हायरस असतो. माणसाचा नोरोव्हायरस कुत्र्यांच्या विष्ठेत आढळला आहे. कुत्रा त्यानं गंभीर आजारी पडतो असं दिसत नाही, पण रुग्णाची बादली आणि कुत्रा यांच्यात अंतर हवं.

हे जवळ घेतल्यानं होत नाहीत: डेंग्यू आणि चिकुनगुन्या डासांमार्फत पसरतात. कांजिण्या आणि राइनोव्हायरसचं साधं पडसं तुमच्याकडून कुत्र्या-मांजराला होत नाही. विषाणूंच्या यादीत बसत नाही, तरी सांगते: घरात कुणाला थुंकीतून जंतू जाणारी टीबी असेल तर ती कुत्र्यालाही लागू शकते. हे डॉक्टरांना जरूर विचारा.

अडचण एवढीच की पहिल्या दिवशी डेंग्यू की फ्लू हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून नियम सोपा ठेवा. निदान होईपर्यंत प्रत्येक ताप फ्लूच आहे असं धरून चाला. निदान डेंग्यूचं आलं तर दार उघडा.

सावधान: प्रत्येक शिंक तुमच्यामुळे आलेली नसते. मांजरांची स्वतःची सर्दी असते, कुत्र्यांचा केनेल कफ म्हणजे साथीचा खोकला असतो, डिस्टेंपर नावाचा गंभीर आजार असतो. पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब लावणारा पार्व्होचा विषाणू तर माणसाला काही न करता त्याच्या चपलेला चिकटून घरात येतो. "आमच्यामुळेच झालं असेल, होईल बरं" म्हणत पिल्लू घरी ठेवलं आणि पार्व्हो निघाला, असं मी पाहिलंय.

## टप्पा ३: पहिल्याच दिवशी वेगळं होणं

फ्लूत लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून माणूस विषाणू पसरवत असतो. म्हणून लोक म्हणतात, "आता काय उपयोग, काल तर सोबतच झोपलो." उपयोग आहे. काल एक रात्र झाली होती, आजपासूनच्या सात रात्री वाचवायच्या आहेत.

जनावराला हलवू नका, माणसानं हलावं. मांजराला त्याच्या जागेवरून उचलून परक्या खोलीत कोंडलं की ते खाणं सोडतं किंवा पलंगावर मुततं. मग ते आजारी आहे की रुसलंय, हेच कळत नाही. रुग्णानं दार लागणारी एक खोली घ्यावी, बाकीचं घर जनावराचं राहू द्यावं.

दार ओरबाडणं, रडणं पहिले दोन दिवस चालेल. एकदा दार उघडलंत की त्याला कळतं, ओरडलं की उघडतं. मग तुमचे सहा दिवस गेले.

उन्हाळ्यातला कूलर. मे महिन्यात तापमान ४५ च्या घरात असतं आणि अख्खं कुटुंब एका कूलरसमोर झोपतं, कुत्र्यासकट. वेगळी खोली सांगणं सोपं आहे, त्या खोलीत तगणं अवघड. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि ती समोरच्या उघड्या खिडकीतून किंवा दारातून निघून जाते. याचाच फायदा घ्या. एकाच खोलीत राहावं लागत असेल तर जनावर कूलरच्या बाजूला, रुग्ण हवा बाहेर जाते त्या खिडकीपाशी, आणि ती खिडकी उघडी. नेमकं उलटं होतं, कारण ताप असलेल्या माणसाला कूलरसमोर झोपवतात आणि कुत्रा त्याच्या पायथ्याशी, वाऱ्याच्या वाटेत पडून राहतो. खिडक्या बंद करून एसी लावला असेल तर हा हिशेब चालत नाही. तिथं वेगळी खोलीच हवी.

एकाच खोलीत असताना मास्क रुग्णानं लावायचा. जनावराच्या तोंडावर मास्क कधीच बांधायचा नाही. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग गार करतो, ते तोंडच बांधलं तर उष्माघात. पग आणि पर्शियनसारख्या चपट्या नाकाच्या जनावरांना तर मिनिटांत.

सावधान: वेगळं ठेवायचं म्हणून कुत्र्याला गॅलरीत किंवा गच्चीवर बांधू नका. दुपारची फरशी त्याचे तळवे भाजते. विषाणूनं जे होण्याची शक्यता आहे, त्याहून हे कितीतरी वाईट आहे.

आणि बाहेर सोडून तर मुळीच देऊ नका. २०२० मध्ये भीतीपोटी लोकांनी पाळलेली कुत्री रस्त्यावर सोडली. जनावराला उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडणं हा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी "काढा याला" म्हटलं तर हे वाक्य त्यांना वाचून दाखवा.

## टप्पा ४: एकच माणूस, आणि आधी जनावर मग रुग्ण

घरात चार निरोगी माणसं असली तरी जनावराचं सगळं एकानं करायचं. शक्य असेल तर रुग्णाचं दुसऱ्यानं. बहुतेक घरांत दोन्ही कामं एकाच बाईच्या गळ्यात असतात, त्यामुळे क्रम महत्त्वाचा.

१. सकाळी उठल्यावर साबणानं हात, वीस सेकंद.
२. जनावराचं खाणं आणि पाणी. भांडं रोज घासून.
३. लिटर किंवा शी, हातमोजे घालून, कागदात गुंडाळून पिशवीत.
४. फिरवणं.
५. हात पुन्हा धुवायचे.
६. आता रुग्णाच्या खोलीत, मास्क लावून. चहा, औषध, ताट.
७. बाहेर आल्यावर हात, आणि वरचा गाऊन किंवा ओढणी बदलायची.

सातवी पायरी हमखास गळते. रुग्णाला टेकवून उठवलं, त्याचा खोकला खांद्यावर आला, आणि त्याच ओढणीशी मांजर येऊन डोकं घासतं.

उष्टं. याबद्दल मी जरा चिडूनच लिहिते. तोंडाला चव नाही म्हणून रुग्ण अर्धा मऊ भात ताटात टाकतो, आणि आपल्याकडे अन्न टाकवत नाही, म्हणून तो कुत्र्याच्या भांड्यात जातो. लाळेनं भिजलेला घास थेट त्याच्या तोंडात! वेगळी खोली, मास्क, हात धुणं, सगळं त्या एका वाटीत बुडालं. रुग्णाचं उष्टं आजारपण संपेपर्यंत कचऱ्यातच.

शेजारी खायला घालणार असतील तर त्यांना सांगून ठेवा की कांदा-लसणाचं काही नको आणि शिजवलेलं हाड नको. प्रेमानं सावजी रश्श्यातलं हाडूक घालणारे शेजारी आपल्याकडे कमी नाहीत. जुलाब लागले की ते फ्लूचे की रश्श्याचे, हे डॉक्टरालाही चटकन सांगता येत नाही.

कच्चं चिकनही बंदच ठेवा. हा माणसाकडून जाणारा विषाणू नाही, पण नागपूरकरांनी विसरू नये असा आहे. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले, आणि पाठोपाठ छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये बर्ड फ्लूचा तोच एच५एन१ विषाणू सापडला. शिजवून द्या.

फिरवणं. निरोगी माणसानं, छोट्या पट्ट्यानं, दुसऱ्या कुत्र्यांशी नाकाला नाक न लावता. कॉलनीतली पोरं हात लावायला धावतात, त्यांना आठ दिवस नाही म्हणायचं.

तुम्ही एकटेच राहत असाल तर वेगळी खोली आणि दुसरा माणूस हे सगळं बोलण्यापुरतं. तीनच गोष्टी पाळा: घरात मास्क लावूनच त्याच्या जवळ जायचं, भांड्याला हात लावण्याआधी आणि नंतर साबण, आणि झोपण्याच्या जागा वेगळ्या. एवढ्यानंही बराच फरक पडतो. पहाटे रस्ता रिकामा असताना पाच मिनिटं फिरवून आणा. चक्कर येत असेल तर जाऊ नका, टप्पा एकमधल्या काकूंना फोन करा. जनावर दुसऱ्याच्या घरी जाणार असेल तर त्याला अंघोळ घालायची गरज नाही. तुमच्या खोलीतलं अंथरूण आणि खेळणी सोबत देऊ नका, पिशवीतलं धुतलेलं अंथरूण द्या.

## टप्पा ५: साफसफाई, आणि माझी बर्फी

माझ्याकडे बर्फी नावाची संत्र्याच्या रंगाची मांजर होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये मला कोविड झाला, आणि घरच्यांनी सकाळ-संध्याकाळ फिनाईलनं फरशी पुसायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी बर्फीच्या तोंडातून लाळेची तार लोंबू लागली, खाणं बंद, जिभेला फोड. आम्ही धरून चाललो की तिला कोविडच झाला. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "फरशी कशानं पुसता?"

मांजर ओल्या फरशीवरून चालतं, मग बसून पंजे चाटतं. फिनॉल (अशा जंतुनाशकांतलं एक रसायन) पचवून बाहेर टाकायची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. फिनाईल, पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशक, बेंझाल्कोनियम क्लोराइड असलेलं फरशीचं औषध, हे तिन्ही मांजराच्या घरात नकोत. बर्फी वाचली. चूक आमची होती, विषाणूची नव्हती.

मग काय वापरायचं?

१. आधी साबण. फ्लू आणि कोविड या दोन्ही विषाणूंवर चरबीचं आवरण असतं, साध्या साबणानं ते फुटतं. रोजच्या फरशीला कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी आणि नंतर साध्या पाण्याचा एक हात पुरेसा आहे.

२. हात लागणाऱ्या जागांना ब्लीच. कड्या, बटणं, नळ, रुग्णाच्या संडासाची सीट. बाजारातल्या ४ ते ५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचं २० मिली १ लिटर पाण्यात. उलटी किंवा जुलाब सांडला असेल तर आधी कागदानं उचला, साबणानं पुसा, मग १ लिटरला १०० मिली. घाणीवरच ब्लीच ओतलं तर त्याचा जोर घाणीतच जिरतो.

३. दहा मिनिटं थांबा, मग साध्या पाण्यानं पुसा. लगेच पुसलं तर काम झालेलं नसतं.

४. वाळू द्या. मग जनावराला आत सोडा. मधल्या वेळेत दार लावून ठेवायचं.

मिश्रण रोज ताजं करा. कालचं ब्लीचचं पाणी म्हणजे नुसतंच पाणी.

सावधान: ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र ओतू नका. क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तुम्ही खोकत बाहेर तरी याल, पिंजऱ्यातले लव्हबर्ड्स येणार नाहीत.

जनावराच्या अंगावर सॅनिटायझर, ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड काहीही लावायचं नाही. केसांवरून विषाणू पसरण्याचा धोका फारच कमी, पण अंगावरचं औषध चाटून पोटात जाणार हे नक्की. पाय पुसायचेच असतील तर ओलं फडकं. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर तसाही नीट चालत नाही, तिथं माणसालाही साबणच लागतो.

धूप, लोबान, कापूर हे रुग्णाच्या खोलीतही नको, जनावराच्या तर नाहीच. निलगिरीची वाफ घ्यायची तर दार लावून घ्या, आणि छातीला बाम चोळलेल्या अंगाला मांजर चाटू देऊ नका. बामातला कापूर त्याला विषारी आहे.

## टप्पा ६: रुग्णाच्या गोळ्या डब्यात

आजारपणात उशाशी टिपॉयवर गोळ्यांचं दुकान मांडलेलं असतं. कुत्र्याच्या दृष्टीनं तो चघळायचा खाऊ. झाकण घट्ट लागणारा एक स्टीलचा डबा घ्या आणि सगळं त्यात टाका.

पॅरासिटामॉल मांजराला प्राणघातक आहे. ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळीही ४ किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. पोटात गेली असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा, त्यावर उतारा असतो, पण वेळेत मिळायला हवा. आयब्युप्रोफेन कुत्रा आणि मांजर दोघांनाही घातक, आणि आपल्याकडे ही दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात. चोंदलेल्या नाकात टाकायच्या थेंबांची बाटली कुत्र्यानं चावली तर तेही विषबाधेचं प्रकरण. खोकल्याचं औषध "लहान मुलांचं आहे, चालेल" म्हणून देऊ नका.

काही गिळलं असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. गोळीचं पाकीट हातात घेऊन फोन लावा.

## टप्पा ७: दोन ओळींची रोजची नोंद

कॅलेंडरच्या पानामागे लिहिलं तरी चालेल. सकाळचा झोपेतला श्वास, किती खाल्लं, शी-शू झाली का, शिंक-खोकला-डोळ्यांतून पाणी आहे का. लागलं तर तापमान. उन्हाळ्यात श्वास पहाटेच मोजा. दुपारी प्रत्येक कुत्रा धापा टाकतोच, त्यावरून काही ठरत नाही.

माणसाकडून फ्लू किंवा कोविड गेलेली बहुतेक कुत्री-मांजरं दोन-चार दिवस मलूल राहून बरी होतात. शिंकतंय पण खातंय, खेळतंय, तर फोनवर डॉक्टरांना सांगून घरीच लक्ष ठेवता येतं. मांजराचं नाक चोंदलं की वास येत नाही आणि वास नाही तर ते खात नाही. खाणं किंचित कोमट करून द्या.

यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना:

– मांजर तोंड उघडून श्वास घेतंय. हे तर त्याच तासाला.
– झोपेतला श्वास ४० च्या वर, दोनदा मोजूनही.
– हिरड्या निळ्या, पांढऱ्या किंवा तपकिरी.
– तापमान १०४ च्या वर.
– मांजरानं २४ तास काहीच खाल्लं नाही. मांजर उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठते आणि मूळ आजारापेक्षा ते महागात पडतं.
– सशानं १२ तास खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, मान वाकडी झाली, झटका आला.

माणसाचं कोविड किट त्याच्या नाकात घालू नका. ते जनावरासाठी बनवलेलं नाही, निकालावर विसंबता येत नाही आणि मांजर चावतं ते वेगळंच. चावलंच तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी जा, घरचं असलं तरी.

## टप्पा ८: दवाखान्यात नेताना

आधी फोन. पहिल्याच वाक्यात सांगायचं की घरात माणसाला फ्लू किंवा कोविड आहे. लोक हे लपवतात, डॉक्टर बघणार नाहीत या भीतीनं. सांगितलं तर ते तुम्हाला बाहेर थांबवून वेगळी वेळ देतील, आणि निदानाची दिशाही ठरेल. टप्पा सातची नोंद फोनवरच वाचून दाखवा.

नेणारा माणूस निरोगी हवा. मांजर बंद पेटीत, कुत्रा पट्ट्याला. उन्हाळ्यात तातडीचं नसेल तर सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. पेटीवर टॉवेल टाकताना दोन बाजू उघड्या ठेवा. रांगेत त्याला दुसऱ्या जनावराजवळ बसवू नका. घरात दोन मांजरं असतील आणि एक आजारी असेल तर परतल्यावर त्या दोघांची भांडी आणि लिटर वेगळी करा, कारण कोविडचा विषाणू मांजराकडून मांजराला सहज जातो.

## टप्पा ९: पुन्हा एकत्र

ताप उतरला त्याच संध्याकाळी दार उघडलं जातं. थोडं थांबा.

फ्लूमध्ये औषधाशिवाय २४ तास ताप नको, आणि आजाराच्या पहिल्या दिवसापासून सात दिवस पूर्ण व्हायला हवेत. कोविडला मी दहा धरते. उलट्या-जुलाब थांबल्यावर आणखी तीन दिवस. ओठावरच्या पुळीची खपली गळून पडेपर्यंत. जनावर स्वतः आजारी पडलं असेल तर लक्षणं गेल्यावर निदान तीन दिवस आणि डॉक्टरांचा होकार, तोवर दुसऱ्या जनावरांशी गाठभेट नाही.

दिवस भरले की क्रम असा: आधी रुग्णाची चादर, उशीचे अभ्रे, पांघरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. नागपूरचं ऊन इथे तरी कामाला येतं. मग खोलीची टप्पा पाचप्रमाणे सफाई, खिडक्या दिवसभर उघड्या. उशाशी राहिलेल्या गोळ्या पलंगाखाली सांडलेल्या नाहीत ना, हे टॉर्च घेऊन बघा. त्यानंतर जनावर खोलीत. पलंगावर मात्र आणखी दोन रात्रींनी.

तो अंगावर उड्या मारेल, तोंड चाटायला येईल. हनुवटी वर करा आणि पाठ खाजवा.

शेवटी टप्पा एकमधली पिशवी उघडा. हातमोजे संपले असतील, लिटर अर्धी उरली असेल, ठिपक्याचा थर्मामीटर कुणीतरी माणसांच्या औषधांत टाकला असेल. तो शोधून परत ठेवा.